उभ्या गाडीची बॅटरी कोण खातो?

"नवी बॅटरी टाकून चार महिने झाले, तरी सकाळी गाडी सेल्फ घेत नाही," ही तक्रार घेऊन येणारा ग्राहक गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. तो येतो तेव्हा चिडलेला असतो आणि त्याचे चिडणे रास्तच असते. चार महिन्यांपूर्वी कोणीतरी त्याला सांगितलेले असते की बॅटरी गेली, नवी टाका. त्याने टाकली. छोट्या मोटारीची बॅटरी म्हणजे चार-पाच हजारांचा मामला. मानवत-सेलूकडच्या लहान व्यापाऱ्याला किंवा जिंतूर-गंगाखेडकडे भाड्याची गाडी चालविणाऱ्याला ही रक्कम सहज निघणारी नव्हे. आणि आता तीच गाडी पुन्हा चार माणसे लावून ढकलावी लागते आहे.

अशा वेळी दोष पुष्कळदा बॅटरीचा नसतोच. चावी काढून मालक घरात झोपलेला असतो आणि गाडीत कुठेतरी करंट वाहत असतो. थेंब थेंब गळणाऱ्या माठासारखा हा प्रकार आहे. माठ बदलला तरी जमीन ओलीच राहते, कारण गळती तोटीत आहे. ही गळती शोधायची कशी, आणि सापडेपर्यंत काम कसे भागवायचे, ते आज पाहू. गॅरेजवाल्या बंधूंसाठी यात मीटरचे काम आहे, गाडीमालकांसाठी पान्ह्याचे, आणि दोघांसाठी पैशांचा थोडा हिशेब.

किती करंट जाणे रास्त?

प्रथम एक गैरसमज दूर करू. बंद गाडी काहीच करंट घेत नाही, हे जुन्या जीप आणि अँबॅसेडरच्या काळात जवळजवळ खरे होते. आजच्या गाडीत घड्याळ आहे, रेडिओची मेमरी आहे, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर चावीची वाट पाहत जागा आहे, इंजिनचा कॉम्प्युटर आपली माहिती सांभाळून आहे. या सगळ्यांचा मिळून खर्च साधारण २० ते ३० मिलिअँपिअर येतो. ५० मिलिअँपिअरपर्यंत आम्ही चालवून घेतो. त्यावर गेला की शोध सुरू करावा.

आता हिशेब पाहा. छोट्या मोटारीत बहुधा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ५० मिलिअँपिअर चोवीस तास गेले म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. पंधरा दिवसांत बॅटरी निम्म्यावर येते, महिन्यात कोरडी. उलट डिकीतला पाच वॅटचा साधा दिवा चुकून चालू राहिला तर तो जवळपास ०.४ अँपिअर घेतो. म्हणजे दिवसाला साडेनऊ-दहा अँपिअर-अवर. शुक्रवारी दुपारी उभी केलेली गाडी रविवारी दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली असते.

स्टार्टर सगळ्यात जास्त करंट खेचतो म्हणून लोक त्याला दोष देतात. परंतु १५० अँपिअर दोन सेकंद खेचले तरी खर्च होतो ०.०८ अँपिअर-अवर. ५० मिलिअँपिअरची बारीक गळती एवढे पावणेदोन तासांत खाऊन जाते. मोठा घास एकदाचा असतो, गळती रात्रंदिवस चालते.

हाच हिशेब २०२० साली सगळ्यांच्या अनुभवास आला. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि गाड्या दारात उभ्या राहिल्या त्या कित्येकांच्या दोन-अडीच महिने हलल्या नाहीत. ३० मिलिअँपिअरच्या रास्त खर्चानेही पासष्ट दिवसांत ४७ अँपिअर-अवर जातात. ३५ची बॅटरी कुठून पुरणार? त्या गाड्यांत बिघाड नव्हता. म्हणून ग्राहक आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: गाडी किती दिवस उभी होती? महिना-दीड महिना म्हणाला तर चार्ज करून पाहा, गळती शोधत बसू नका. दोन-चार दिवस म्हणाला तर मीटर काढा.

आपल्या भागात उन्हाची भर पडते. परभणीचा पारा उन्हाळ्यात ४२-४३च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचे बोनेट हात लावू देत नाही. उष्णतेने बॅटरी आपल्या आपणही लवकर उतरते आणि पाणी असलेल्या बॅटरीतले पाणी आटते. एप्रिल-मे महिन्यांत प्लेटा उघड्या पडलेल्या बॅटऱ्या आमच्याकडे येतात त्या यामुळेच.

आधी बॅटरी निर्दोष आहे का ते पाहा

ही तपासणी कोणताही मालक घरी करू शकतो. मीटर लागत नाही, बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पान्हा पुरतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. रात्री गाडी उभी केली की काळ्या वायरीचे, म्हणजे निगेटिव्हचे टर्मिनल सैल करून बाजूला काढा आणि झोपा. सकाळी ते परत बसवून सेल्फ मारा. गाडी लगेच उठली तर बॅटरी चांगली आहे आणि गळती गाडीत आहे. तरीही उठली नाही तर बॅटरीच आपला माल सांभाळत नाही असे समजावे. एका रात्रीने शंका फिटली नाही तर दोन-तीन रात्री करा. घड्याळ शून्यावर जाईल, काही गाड्यांच्या रेडिओला कोड मागितला जाईल. कोडाचे कार्ड हाताशी नसेल तर आधी शोधून ठेवा.

मीटर असेल तर विसावलेल्या बॅटरीचे व्होल्ट पाहावेत. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे तळाला गेलेली. इंजिन चालू असताना तेच व्होल्ट १३.८ ते १४.५च्या दरम्यान हवेत. १३च्या खाली राहिले तर अल्टरनेटर भरतच नाही, मग गळतीचा प्रश्न नंतरचा.

बॅटरीच्या माथ्यावरची ओलसर धूळ आणि पांढरा-हिरवा क्षारही करंट वाहून नेतो. मीटरची एक काडी निगेटिव्हवर ठेवा, दुसरी नुसती प्लास्टिकच्या माथ्यावरून फिरवा. व्होल्ट दिसू लागले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने, झाकणे घट्ट ठेवून, माथा धुऊन कोरडा करा. या कामाला दहा रुपये खर्च नाही आणि कित्येक जण ते करीत नाहीत.

मीटर लावण्याची रीत

आता गळती मोजू. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकात घालून मीटरचा फ्यूज उडवणारे शिकाऊ आम्ही दरसाल पाहतो. घरगुती वायरमनकडचा क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतो, गाडीला त्याचा उपयोग नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प असेल तर उत्तम.

गाडी झोपू शकेल अशी व्यवस्था करावी लागते. बोनेट उघडे राहील, पण दार उघडे राहिले तर दिवे आणि कॉम्प्युटर जागे राहतील. म्हणून ज्या दारातून फ्यूज काढायचे त्याचा लॅच स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटेल. काम संपल्यावर हँडल ओढून लॅच परत सोडायला विसरू नका. आमच्याकडच्या एका पोराने तसेच दार आपटले, आणि लॅचची भरपाई आम्हाला द्यावी लागली. चावी काढून घ्या. बटनवाली चावी असेल तर गाडीपासून चांगली लांब ठेवा, नाहीतर गाडी तिच्याशी बोलत राहते.

मग मीटरचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरा काळ्या वायरीच्या टर्मिनलला लावा, आणि नंतरच टर्मिनल खुंटीवरून अलगद उचला. म्हणजे करंट क्षणभरही तुटत नाही. तुटला तर सगळे कॉम्प्युटर दचकून जागे होतात आणि मीटर काही अँपिअर दाखवतो. नवखा माणूस तेवढ्याने घाबरून वायरिंग उकलायला घेतो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये, सेल्फ तर मारूच नये.

यानंतर थांबायचे. अर्धा तास, काही गाड्यांना चाळीस मिनिटे. चहा पिऊन या. आकडा पायऱ्यापायऱ्यांनी खाली येतो आणि शेवटी स्थिरावतो. तो स्थिरावलेला आकडा खरा. आधीचे आकडे विसरून जा.

आकडा जास्त निघाला तर एकेक फ्यूज काढून पाहणे ही जुनी रीत. ज्या फ्यूजने आकडा धाडकन खाली येतो त्या लाइनीत चोर आहे. परंतु नव्या गाड्यांत फ्यूज परत घालताच कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास बसावे लागते. त्याऐवजी आम्ही फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांना मीटर मिलिव्होल्टवर लावतो. करंट वाहत नसेल तर शून्य दिसते. दहा अँपिअरच्या फ्यूजवर पाऊण मिलिव्होल्ट दिसले तर साधारण १०० मिलिअँपिअर जात आहेत असे समजावे. दहा मिनिटांत सगळी पेटी तपासून होते. याला मिलिव्होल्टचे बारीक आकडे दाखवणारा मीटर लागतो, आणि तो घेण्याजोगा आहे.

जुन्या मिस्त्रींची टेस्ट लॅम्पची रीत पूर्ण टाकाऊ नाही. निगेटिव्ह काढून मध्ये बल्ब लावला आणि तो लख्ख पेटला तर मोठी गळती आहे हे कळते. पण ७०-८० मिलिअँपिअरला बल्ब पेटतच नाही, आणि "बल्ब पेटला नाही म्हणजे गाडी ठीक" असा निष्कर्ष काढला की फसगत होते. टर्मिनल टेकवून ठिणगी पाहण्याची सवय मात्र सोडावी. चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो.

मानवतची गाडी

आमची स्वतःची एक फसगत सांगतो. मानवतहून एक धान्य-व्यापारी आपली जुनी छोटी मोटार घेऊन आले. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. "मिस्त्री, आता तिसरी घेऊ, की गाडीच काढून टाकू?" असे त्यांनी विचारले. मीटर लावला, अर्ध्या तासाने आकडा स्थिरावला ०.५८ अँपिअरवर. म्हणजे दिवसाला जवळपास १४ अँपिअर-अवर. घरातल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा धाडकन उतरला. डिकी उघडून पाहिले तर दिव्याची काच चांगली गरम. गाडीला केव्हातरी मागून ठोकर बसली होती. डेंटिंग करताना डिकी बोटभर वर राहिली आणि दिव्याचे बटन पुरते दबत नव्हते. बटन सरकवून बसविले, मोबाइल व्हिडिओवर ठेवून डिकी आतून बंद करून पाहिली, दिवा विझला. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश. शंभर रुपये कमी घेतले.

अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला. आठ दिवस गाडी उभी होती, आणि पहाटे आईला नांदेडला दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा गाडीने नुसते "टक्" केले. त्या वेळेला शेजारच्याची जीप उठवून त्यांना जावे लागले. ते रागावून बोलले नाहीत, हे आम्हाला जास्त लागले.

चूक आमची होती. फ्यूज काढल्यावर आकडा उतरला एवढेच आम्ही पाहिले. किती उतरला ते पाहिले नाही. दिवा बंद झाल्यावर परत मोजायला हवे होते. दुसऱ्या वेळी मोजले तर ०.१८ अँपिअर अजून जातच होते, म्हणजे दिवसाला सव्वाचार अँपिअर-अवर. आठ दिवसांत ३५ची बॅटरी संपणारच. आणि या वेळी एकाही फ्यूजने आकडा हलेना.

फ्यूजने आकडा हलत नाही तेव्हा नजर त्या वायरींकडे न्यावी ज्या फ्यूजपेटीतून जातच नाहीत: स्टार्टरची जाड वायर, अल्टरनेटरची जाड वायर, आणि मागाहून बाहेरच्या माणसाने सरळ बॅटरीवर जोडलेले काहीही. आम्ही निगेटिव्ह पूर्ण सोडवले, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिच्या तोंडाला टेप गुंडाळला, मग मीटर पुन्हा लावला. (निगेटिव्ह न सोडवता ही वायर काढू नये, पान्हा बॉडीला टेकला तर हात भाजतो.) अर्ध्या तासाने आकडा आला ०.०३. अल्टरनेटरमधला एक डायोड लीक होता. डायोडचे काम करंट एकाच दिशेने जाऊ देण्याचे. तो बिघडला की दिवसा बॅटरी भरणारा अल्टरनेटर रात्री तिलाच रिकामी करतो. दिवसा तो १४ व्होल्ट दाखवीत होता, म्हणून आमचा संशय गेला नव्हता. डायोड प्लेट बदलली. बॅटरी बदलली नाही; चार्जरवर रात्रभर ठेवल्यावर ती व्होल्ट धरून राहिली.

नेहमीचे चोर

बाजारात बसविलेला म्युझिक सिस्टिम हा आमच्या अनुभवात पहिल्या नंबरचा. त्याची पिवळी वायर कायम करंटची आणि लाल वायर चावीची असते. घाईत काम करणारा दोन्ही एकत्र पिळून टाकतो, कारण तसे केल्याने गाणी चावीशिवाय वाजतात आणि ग्राहकालाही बरे वाटते. टेप बंद दिसतो, पण आतून जागा राहतो. दोन वायरी वेगळ्या केल्या की काम झाले.

प्रवासी गाड्यांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र असते. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळून, हे यंत्र आणि पॅनिक बटन सक्तीचे झाले. ते नियमाप्रमाणे चालूच राहायला हवे, म्हणून बॅटरी वाचविण्यासाठी ते काढून ठेवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. त्याची जोडणी मात्र तपासावी; स्वतःचा फ्यूज असावा, सांधा टेप गुंडाळून नव्हे तर पक्का केलेला असावा. खासगी मालकाने हौसेने लावलेला ट्रॅकर किंवा डॅशकॅमेरा असेल तर तो चावीच्या लाइनीवर घेता येतो.

काचेवरचा फास्टॅग बॅटरी खातो, असे आम्हाला दोन-तीन जणांनी छातीठोक सांगितले. फास्टॅगला गाडीची वायर जातच नाही आणि त्याच्या पोटात बॅटरीही नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवर तो तेवढ्यापुरता जागा होतो. त्या बिचाऱ्यावर आळ घेऊ नका.

कापसाचा हंगाम आला की शेतवस्तीवर उभ्या गाड्यांत उंदीर शिरतात. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली तर फ्यूज जातो आणि बिघाड लगेच कळतो. अर्धवट टेकली तर दमट हवेत गळती सुरू होते, उन्हात बंद होते. "कधी होते, कधी होत नाही" ही तक्रार आली तर बोनेटखाली लेंड्या पाहा. चिकटून बसलेला रिले हाताला कोमट लागतो. गाडी तासभर बंद ठेवून रिलेंवर बोट फिरवणे हीदेखील एक तपासणीच आहे.

सापडेपर्यंत काय करावे?

गळती शोधायला गॅरेजला दिवस देता येत नाही अशी वेळ येते. लग्नसराईत किंवा फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसाच्या दिवसांत भाड्याची गाडी कोण उभी करील? तोपर्यंत निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवावा. रात्री फिरवून ठेवला की गळतीचा रस्ताच बंद. ट्रॅकर सक्तीचा असलेल्या गाडीत मात्र तो वापरू नये, तिथे गळती शोधण्यावाचून इलाज नाही.

रोज सकाळी दहा मिनिटे जागेवर इंजिन चालवून बॅटरी भरते, हाही समजच. जागेवर अल्टरनेटर थोडाच करंट देतो, त्यात पंखा आणि दिवे वाटा घेतात. गाडी तासभर रस्त्यावर चालवावी, नाहीतर घरच्या विजेवरचा छोटा आपोआप बंद होणारा चार्जर घ्यावा. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडे ठेवू नये. प्लेटांवर सल्फेट कडक होते आणि मग चार्जिंगनेही ते पूर्ण सुटत नाही. मानवतच्या व्यापाऱ्याची पहिली बॅटरी अशीच गेली असावी: गळतीने तिला मारले आणि दोष तिच्या कंपनीला मिळाला.

दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना क्रम सांभाळा. लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. ठिणगी पडायची ती तिथे पडू द्या. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. काढताना उलट क्रम.

राहिला मजुरीचा प्रश्न. नवी बॅटरी विकली की दुकानदाराला कमिशन मिळते, जुनी बॅटरीही हाती येते. गळती शोधली तर दोन तास जातात आणि हातात सुटा भाग काहीच दिसत नाही. म्हणून ग्राहक शोधाचे पैसे द्यायला कुरकुर करतो आणि मिस्त्री बॅटरी बदलण्याचा सोपा मार्ग धरतो. आम्ही मानवतच्या प्रकारानंतर तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी सांगून घेतो, आणि बिलावर तीन आकडे लिहून देतो: आला तेव्हाची गळती, काम झाल्यावरची गळती, आणि बॅटरीचे विसावलेले व्होल्ट. पुढे गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली तरी त्या मिस्त्रीला कळते की सुरुवात कुठून करायची. मानवतच्या त्या दुसऱ्या बिलावर मजुरीच्या जागी आम्ही शून्य लिहिले, डायोड प्लेटचे पैसे तेवढे घेतले, आणि खाली लिहिले: ०.१८, ०.०३, १२.६.